लाल चेंडू

परवा रविवारी साताऱ्याहून धाकट्या भावजींचा फोन आला. पाऊसपाणी, गुडघेदुखी, भाचीचं लग्न असं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. "वहिनी, ऐकलं ते खरं का? तुम्ही म्हणे लहान मुलांच्या लाल चेंडूने टेनिस खेळता?" मागे जाऊबाईंचं हसू स्पष्ट ऐकू येत होतं. मी म्हटलं, "आता हिरव्यापर्यंत आलेय. पण लालने खेळत होते हे खरं." त्यावर भावजी म्हणाले, "खेळायचं तर खऱ्या चेंडूने खेळावं, नाहीतर आपली सकाळची फेरी काय वाईट? हल्ली सगळंच सोपं करून ठेवलंय बघा."

गंमत म्हणजे हे शेवटचं वाक्य मुळात माझं आहे. चौतीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत बसून मी ते बोलत आले. भावजींनी ते माझ्याच तोंडून कधीतरी ऐकलेलं असणार. त्यामुळे फोनवर मला काही उत्तर सुचेना. "बरं, बघू," म्हणून फोन ठेवला. पण उत्तर मनात आहे आणि ते फोनवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहायला बसले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख सांगते. माझं वय त्र्याहत्तर. मराठी घेऊन बी. ए. केलं आणि सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पाचवी ते सातवीला मराठी आणि गणित शिकवलं. 2010 साली निवृत्त झाले. हे गेल्यावर मुलाने पुण्याला आणलं. लहानपणी लंगडी आणि खो-खो खेळले होते, लग्नानंतर तेवढंही नाही. टेनिस हा जिमखान्यातल्या लोकांचा खेळ, पांढरे कपडे घालून खेळायचा, एवढीच आमच्या गावाकडची समजूत होती. दूरदर्शनवर विम्बल्डन दिसायला लागलं तेव्हा हे बघायचे आणि मी शेजारी बसून भाजी निवडायची. पंधरानंतर तीस आणि तीसनंतर एकदम चाळीस कसे होतात हे मी त्यांना दर वर्षी विचारायची आणि ते दर वर्षी चिडायचे.

पुण्यात आल्यावर टेनिस जरा जवळ आलं. बालेवाडीला 2018 पासून 2023 पर्यंत महाराष्ट्र ओपन स्पर्धा व्हायची, तिथे मुलाने एका संध्याकाळी नेलं होतं. टीव्हीवर चेंडू जातो-येतो एवढंच दिसतं. प्रत्यक्षात तो किती जोरात जातो आणि रॅकेटवर बसला की कसा आवाज होतो, हे तिथे कळलं. आणि आमच्या सोसायटीत खालीच एक कोर्ट आहे. माझ्या गॅलरीतून ते पूर्ण दिसतं. सकाळचा चहा घेताना मी वर्षभर तिथली मुलं बघत होते. नातू इंजिनियरिंगला बाहेरगावी गेला तेव्हा त्याची रॅकेट कपाटावर धूळ खात पडली. एक दिवस मी ती खाली काढली, पुसली आणि घेऊन गेले. यामागे काही मोठा विचार होता असं सांगितलं तर खोटं होईल. वर्षभर गॅलरीतून बघून कंटाळा आला होता, एवढंच.

(जाण्याआधी डॉक्टरांना विचारलं होतं. रक्तदाब, हाडांची तपासणी, सगळं करून घेतलं. "पडू नका" एवढी एकच अट त्यांनी घातली. सूनबाई हे वाचते, म्हणून मुद्दाम लिहिते.)

पहिला महिना फार वाईट गेला. समोरच्या फ्लॅटमधले एक गृहस्थ रविवारी खेळतात. माणूस अतिशय सज्जन. त्यांनी आपणहून मला शिकवायला घेतलं. "काकू, चेंडूकडे बघा. गुडघे वाकवा. खांदा वळवा. मनगट ताठ. रॅकेट मागे. पाय पुढे. आणि मारल्यावर हात खांद्यावरून न्या." एवढ्या सूचना पूर्ण व्हायच्या आत चेंडू माझ्या मागच्या जाळीला लागलेला असायचा. मग ते हसून म्हणायचे, "होईल, होईल." मी सात सूचनांपैकी एक पाळायला गेले की उरलेल्या सहा निसटायच्या.

शेवटी माझा मीच एक फटका शोधून काढला. पिवळा चेंडू टप्पा पडला की माझ्या छातीपर्यंत, कधी तोंडापर्यंत उसळायचा. म्हणून मी दोन पावलं मागे सरकायची, रॅकेट सुपासारखी आडवी धरायची आणि पाखडल्यासारखा चेंडू वर उडवायची. दहातले तीन चेंडू जाळीपलीकडे जायचे. मला तेवढाही आनंद होता. पण महिन्याअखेर कोपर असं दुखायला लागलं की पोळ्या लाटता येईनात. मुलगा म्हणाला, "आई, पुरे आता." मलाही वाटलं की हे आपलं काम नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाने आपली पायरी ओळखावी.

सोसायटीतल्या मुलांना शिकवायला आठवड्यातून दोनदा एक तरुण प्रशिक्षक येतात. वय असेल पंचवीस-सव्वीस. मी त्यांना 'सर' म्हणते, त्याचा त्यांना संकोच वाटतो. ते मला आधी 'आजी' म्हणायचे, मी शिक्षिका होते हे कळल्यापासून 'बाई' म्हणतात. एका सकाळी मुलांची वेळ संपल्यावर त्यांनी माझं पाखडणं पाहिलं आणि विचारलं, "हा फटका कुणी शिकवला तुम्हाला?"

"कुणी नाही. आपोआपच आला."

"येणारच. हा चेंडू एवढा उसळतो, त्याला तुम्ही दुसरं करणार तरी काय? तुमची चूक नाही. चेंडू बदलू."

त्यांनी पिशवीतून एक चेंडू काढला. अर्धा लाल, अर्धा पिवळा, आकाराने जरा मोठा आणि हाताला हलका. हाच चेंडू ते पहिली-दुसरीच्या मुलांना देतात हे मी गॅलरीतून रोज पाहिलेलं. मला राग आला. मी म्हटलं, "सर, मी काही बालवाडीत नाही." ते म्हणाले, "बाई, दहा मिनिटं. नाही आवडलं तर परत पिवळा."

आता या चेंडूंची थोडी माहिती सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नियमाप्रमाणे टेनिसचा पिवळा चेंडू 254 सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर सोडला तर साधारण 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे. माझी उंची पाच फूट, म्हणजे 152 सेंटिमीटर. हिशोब तुम्हीच करा. लाल चेंडू तेवढ्याच उंचीवरून सोडला तर जेमतेम मीटरभर उसळतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ तो पिवळ्यापेक्षा 75 टक्के मंद धरतो. त्यानंतर केशरी चेंडू, 50 टक्के मंद. मग हिरव्या ठिपक्याचा, 25 टक्के मंद. आणि शेवटी पिवळा. कोर्टही त्याप्रमाणे वाढत जातं. पूर्ण कोर्टाची लांबी 78 फूट आणि लाल चेंडूच्या कोर्टाची 36 फूट. दुहेरीच्या कोर्टाची रुंदी बरोबर 36 फूटच असते, त्यामुळे मोठ्या कोर्टावर आडवी जाळी बांधली की लहान कोर्ट तयार होतं. महासंघाने ही पद्धत 2007 पासून जगभर जोराने पुढे नेली आणि 2012 पासून तर नियमच केला की दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धा पिवळ्या चेंडूने घ्यायच्याच नाहीत.

हे मला सरांनी नंतर हळूहळू सांगितलं. त्या सकाळी मला एवढंच कळलं की चेंडू माझ्या कमरेच्या उंचीला आला आणि जरा थांबला. म्हणजे थांबला नाही, पण मला तसं वाटलं. महिनाभरात पहिल्यांदा मला चेंडूकडे बघायला वेळ मिळाला. खांदा वळवायला वेळ मिळाला. मी पाखडलं नाही, कारण पाखडायची गरजच पडली नाही. हात आपोआप खालून वर गेला आणि चेंडू जाळीवरून पलीकडे जाऊन पडला. सर म्हणाले, "हा फोरहँड."

मी दहा मिनिटांनी परत पिवळा मागितला नाही.

सरांची शिकवायची पद्धत सांगण्यासारखी आहे. ते एका वेळी एकच गोष्ट सांगतात. पहिला आठवडाभर फक्त पकड. रॅकेटशी हस्तांदोलन केल्यासारखं धरायचं, बस्स. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला मोठ्याने बोलायला लावलं. चेंडू जमिनीवर पडला की "टप्पा" म्हणायचं आणि रॅकेटला लागला की "फटका" म्हणायचं. सगळं लक्ष फक्त ते दोन शब्द वेळेवर म्हणण्याकडे. मी कोर्टावर "टप्पा... फटका... टप्पा... फटका" ओरडतेय आणि वरच्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावतायत, असा तो देखावा होता. पण शब्द वेळेवर म्हणायचे तर चेंडूकडे बघावंच लागतं. "चेंडूकडे बघा" हे मला महिनाभर कुणीतरी सांगत होतं, पण बघायचं कसं ते या दोन शब्दांनी शिकवलं. या युक्तीचा उगम अमेरिकेतल्या टिमथी गॉलवे नावाच्या प्रशिक्षकाच्या 'द इनर गेम ऑफ टेनिस' या 1974 च्या पुस्तकात आहे. बी. एड. ला असताना हे कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात पाय. समोरचा माणूस चेंडू मारतो त्या क्षणी आपण जागच्या जागी अगदी लहानशी उडी घ्यायची, म्हणजे डावीकडे-उजवीकडे कुठेही निघायला पाय तयार राहतात. माझ्या बाबतीत ती उडी नसून टाचा उचलणं असतं, पण त्यानेही फरक पडतो. मग चेंडू अंगाच्या बाजूला न मारता जरा पुढे गाठायचा. आणि मोकळा हात लटकत न ठेवता समोर धरायचा, म्हणजे खांदा आपोआप वळतो. शेजारच्या गृहस्थांनी सांगितलेल्या सातही सूचना बरोबरच होत्या, हे मला आता कळतं. फक्त त्या एकदम सांगायच्या नव्हत्या आणि पिवळ्या चेंडूवर सांगायच्या नव्हत्या.

सवयीप्रमाणे मी एक वही केली आहे. सलग किती वेळा चेंडू पलीकडे गेला ते रोज लिहिते. लालवर पहिल्या दिवशी चार. तीन आठवड्यांनी अकरा. सरांचा नियम असा की सलग वीस झाले की रंग बदलायचा. वीस व्हायला मला अडीच महिने लागले. केशरी हातात आला तेव्हा परत सहावर घसरले. दोन दिवस नुसती चिडचिड झाली. मग सरांनी शांतपणे लाल काढला, त्यावर पंधरा मिनिटं खेळवलं आणि परत केशरी दिला. "खाली उतरलो म्हणजे नापास झालो असं नाही बाई," म्हणाले. मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर मला एक मुलगा आठवला, आणि तो अजून मनातून जात नाही.

ही 1984 सालची गोष्ट. पाचवीच्या वर्गात वाडीवरून येणारा एक मुलगा होता. रोज तीन-साडेतीन किलोमीटर चालत यायचा. गणितात फार मागे. भागाकार तर मुळीच येत नसे. त्याने आपली एक रीत काढली होती. वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारायच्या आणि चार-चारचे, सहा-सहाचे गठ्ठे करून मोजायचे. लहान संख्यांची उत्तरं त्याची बरोबर यायची. पण पाचवीला चार आकडी संख्या असतात. पानभर रेघोट्या होऊन तो मध्येच चुकायचा. मी त्याच्या रेघोट्यांवर तांबडी फुली मारायची आणि म्हणायची, "हे पहिलीतलं झालं. रीतीने कर."

आमच्या शाळेतल्या एका वयस्कर बाईंनी मला सुचवलं होतं की याला महिनाभर चिंचोके दे, दोन आकडी संख्या दे, मग बघ. मी म्हटलं, "पाचवीतल्या मुलाला चिंचोके? त्याला लाज वाटेल. आणि अभ्यासक्रम काय म्हणेल?" मुलाला लाज वाटेल हे मी त्याला न विचारताच ठरवलं. खरं तर अभ्यासक्रम मागे पडला तर मला लाज वाटली असती. सहावीच्या दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. मी हजेरीपटावर नियमाप्रमाणे त्याचं नाव कमी केलं. घरची परिस्थिती हेही कारण असणार, सगळा दोष मी स्वतःकडे ओढून घेत नाही. पण त्याला शाळेत थांबावंसं वाटेल असं मी काही केलं नाही, हे मात्र खरं. मी छडी कधी वापरली नाही, याचा मला फार अभिमान होता.

माझं सुपाने पाखडणं आणि त्याच्या रेघोट्या एकच होत्या. समोर आलेला प्रश्न आपल्या आवाक्याबाहेरचा असला की माणूस त्यातल्या त्यात शहाणपणाचं काहीतरी शोधून काढतो. बघणाऱ्याला ती चूक दिसते, पण करणाऱ्याने तो मार्ग स्वतःच्या अकलेने काढलेला असतो. सरांनी माझा फटका पाहिला आणि चेंडू बदलला. मी त्याच्या रेघोट्या पाहिल्या आणि फुली मारली.

तर भावजी, माझं म्हणणं असं आहे. सोपं करणं म्हणजे दर्जा उतरवणं नव्हे. लाल चेंडूवर मी जो फोरहँड शिकले तो खराच फोरहँड आहे, त्याची पकड तीच, खांदा तोच, पाय तेच. उलट पिवळ्या 'खऱ्या' चेंडूवर मी जे करत होते ते टेनिस नव्हतंच. अवघड चेंडूवर चुकीचा फटका पक्का होतो आणि सोप्या चेंडूवर बरोबर फटका पक्का होतो. पाया पक्का करा असं आपण शिक्षक मंडळी ऊठसूट सांगायचो. पण पाया घालायला जमीन आधी सपाट करून द्यावी लागते, हे आपल्या लक्षात आलं नाही.

यावर तुम्ही काय म्हणाल हे मला माहीत आहे. "आमच्या वेळी कोणी लाल चेंडू दिला होता? आम्ही शिकलोच ना?" शिकलो. तुम्ही शिकलात, मीही शिकले. पण भावजी, तुमच्या वर्गात पहिलीला किती मुलं होती आणि अकरावी मॅट्रिकला किती उरली? अवघडातून जे तरले तेच आज "आम्ही शिकलो" असं म्हणायला इथे आहेत. जे मध्येच गळले ते हा लेख वाचत नाहीत आणि तुम्हाला फोनही करत नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय आपल्या वेळची पद्धत चांगली होती असं कसं ठरवायचं?

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. सोपं करून तिथेच बसवून ठेवलं तर माणूस पुढे जात नाही. म्हणून तर वीसचा नियम आहे. मी लालवर रमले होते, खोटं कशाला बोलू? वीस झाल्यावर आणखी आठवडाभर राहू का, असं सरांना विचारलं होतं. त्यांनी लाल चेंडू पिशवीत टाकला आणि पिशवीची चेन लावली. चेंडू सोपा असावा, पण मोजणी प्रामाणिक असावी. आपल्या शाळांचं या दोन्हींमध्ये गाडं अडतं. आमच्या वेळी न येणाऱ्याला नापास करून त्याच वर्गात बसवायचे आणि पुन्हा तोच अवघड चेंडू टाकायचे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, तर पुष्कळ ठिकाणी येवो न येवो, पुढच्या वर्गात ढकलणं सुरू झालं. मग 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षेत अडवायची मुभा मिळाली. अडवायचं की ढकलायचं यावर पंधरा-सोळा वर्षं वाद चालू आहे. आज या मुलाच्या हातात कुठल्या रंगाचा चेंडू द्यायचा, हा प्रश्न त्यात फारसा ऐकू येत नाही.

आता माझ्या वयाच्या वाचकांसाठी चार गोष्टी लिहिते. रॅकेट हलकी घ्या. नातवाची रॅकेट तीनशे ग्रॅमची होती आणि तिची मूठ माझ्या हाताला जाड होती, कोपर त्यानेही दुखलं. आता अडीचशेच्या आसपासची आहे. चालायचे किंवा पळायचे बूट चालत नाहीत. टेनिसमध्ये आडवं सरकावं लागतं, त्यासाठी रुंद आणि सपाट तळाचे बूट मिळतात. डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी उलटं मागे पळू नका. तो गुण समोरच्याला देऊन टाका. पडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. कोर्टावर इकडेतिकडे पडलेले चेंडू आधी गोळा करा, पाय त्यावरूनच घसरतो. आणि जोडीदार मिळाला नाही तर भिंत आहेच. लाल चेंडू आणि भिंत, एवढ्यावर पावसाळ्यात मी पार्किंगमध्ये खेळले.

टेनिसने आयुष्य वाढतं असंही तुमच्या वाचनात येईल. कोपनहेगनमध्ये साडेआठ हजार लोकांची सुमारे पंचवीस वर्षं माहिती ठेवून केलेला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यात बैठ्या माणसांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचं आयुष्य 9.7 वर्षांनी जास्त दिसलं, बॅडमिंटनवाल्यांचं 6.2 आणि पळणाऱ्यांचं 3.2. मुलाने हा आकडा मला कौतुकाने वाचून दाखवला. पण टेनिस खेळतात म्हणून जास्त जगतात, की मुळात खाऊनपिऊन सुखी आणि धडधाकट माणसंच टेनिस खेळतात, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही, आणि तो करणाऱ्यांनीही तसं बजावलं आहे. तेव्हा नऊ वर्षांच्या आशेने खेळू नका. आठवड्यातून तीन सकाळी चार माणसांशी बोलणं होतं आणि दुपारी झोप छान लागते, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

आणखी एक. बोपण्णाने 2024 साली त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली, तेव्हापासून आमच्याकडे कुणी ना कुणी मला त्याचं उदाहरण देतं. हेतू चांगला असतो. पण तो माणूस लहानपणापासून खेळत आला होता, त्याचं टिकून राहणं वेगळं आणि माझं सुरू करणं वेगळं. मला काही जिंकायचं नाही. मला शिकायचंय, आणि शिकणारा कसा दिसतो ते एकदा आतून बघायचंय. चौतीस वर्षं मी फळ्याकडे पाठ करून उभी होते. समोर बसलेल्याला काय वाटतं हे मला लाल चेंडूने शिकवलं. जरा उशीरच झाला म्हणायचा.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून पुढे गेला असेल. चौकशी केली तर गावाकडे कुणालातरी माहीत असेल. मी अजून चौकशी केलेली नाही. भेटला तर काय बोलायचं हेच ठरत नाही. माफी मागितली तर तो म्हणेल, "काय बाई, एवढ्या वर्षांनी..." आणि चहा करायला सांगेल. गावाकडची माणसं तशीच असतात, आणि तेच जास्त अवघड जाईल.

असो. हिरव्या ठिपक्याच्या चेंडूवर सध्या माझा आकडा चौदा आहे. पिवळा सरांच्या पिशवीत वाट बघतोय. भावजी, दिवाळीला जाऊबाईंना घेऊन या. कोर्ट सकाळी साडेआठनंतर रिकामंच असतं. आधी तुम्हाला तुमचा 'खरा' चेंडू देईन, दहा मिनिटं. मग लाल काढू. आणि हो, टप्पा-फटका मोठ्याने म्हणावं लागेल, आधीच सांगून ठेवते.